सांगाडा आणि पोकळी: पहिल्या वर्षाच्या मातीकामाच्या नोंदी

७ जुलै

या सत्रात मातीचे दोन वर्ग शेजारी शेजारी आहेत. एकीकडे मॉडेलिंग: समोर बसलेल्या माणसाचं डोकं मातीत घडवायचं, त्याचा साचा काढायचा आणि प्लास्टरमध्ये ओतायचं. दुसरीकडे सिरॅमिक्स: हाताने केलेली भांडी, चाक, ग्लेझ (भांड्यावरची काचेसारखी झिलई), भट्टी. सत्राच्या शेवटी प्रत्येकाने आपल्या मनाचा एक प्रकल्प पुरा करायचा आणि सोबत कामाची वही जोडायची. ही ती वही.

हाताला दोन्हीकडे मातीच लागते, पण तिच्याकडून मागणं वेगवेगळं. मॉडेलिंगची माती भाजायची नसतेच. ती ओली राहावी, हवी तेव्हा बदलता यावी, एवढंच तिचं काम. साचा निघाला की ती पुन्हा पिंपात जाते. सिरॅमिक्सच्या मातीला मात्र वाळायचं असतं, आकसायचं असतं आणि हजार अंशांच्या पुढे जाऊनही टिकायचं असतं. म्हणून मॉडेलिंगमध्ये आत सांगाडा हवाच, आणि सिरॅमिक्समध्ये आत काहीच ठेवलेलं चालत नाही. माझा प्रकल्प याच फरकाभोवती असावा असं आतापासून वाटतंय. काय करायचं ते अजून ठाऊक नाही.

१० जुलै

आज फक्त मळणं. प्लास्टरच्या लादीवर माती दोन्ही तळव्यांनी पुढे दाबायची, थोडी वळवायची, पुन्हा दाबायची. नीट चाललं की गोळ्यात शंखासारखी वळी पडत जाते. मधूनमधून तारेने गोळा कापून छेद बघायचा. छेदात बुडबुड्यांची भोकं दिसली किंवा एक पट्टा मऊ आणि एक कडक लागला, तर अजून मळायला हवं. हाताचा जोर कमी लागतो, अंगाचा जास्त. टेबल कमरेच्या खाली असेल तर खांदे दुखत नाहीत.

लादी प्लास्टरची का, तर ती पाणी शोषते. फार ओली माती तिच्यावर थोडा वेळ पसरून ठेवली की कामाजोगी होते.

मॅडमनी पहिल्याच दिवशी एक नियम घातला: सिरॅमिक्सच्या वर्गात कोरडा झाडू मारायचा नाही. वाळलेल्या मातीच्या धुळीत बारीक सिलिका असते, ती फुप्फुसात साठते आणि वर्षानुवर्षांनी त्याचा सिलिकोसिस होतो. टेबल ओल्या स्पंजने पुसायचं, जमीन ओल्या पोच्याने. कोरडी ग्लेझ पावडर मिसळताना मास्क. हा नियम मला फार पटला. नवीन मुलं पहिल्या दिवशी जे बघतात तेच पुढे अंगवळणी पडतं.

१६ जुलै

मॉडेलिंगचा सांगाडा. लाकडी पाट, त्यावर उभा लोखंडी पाइप, पाइपच्या वरच्या टोकाला जाड अॅल्युमिनियमच्या तारेची दोन कड्यं, एकमेकांना छेदणारी. कवटीचा ढोबळ आकार त्या कड्यांतच दिसायला लागतो. त्यांच्या आत तारेने लटकवलेले लाकडाचे छोटे क्रॉस. वर्गात सगळे त्यांना बटरफ्लाय म्हणतात. ओल्या मातीचं वजन खाली घसरत असतं. हे क्रॉस मातीत रुतून बसतात आणि तिला अडवतात.

सरांनी विचारलं, "सांगाडा कुठे असायला नको?" मग स्वतःच दाखवलं: नाक, हनुवटी, कानांच्या जागा. पृष्ठभागाच्या जवळ तार आली की पुढे तिथे खोल जाता येत नाही. डोळ्याची खोबण करायला जावं आणि तार उघडी पडावी. म्हणून बांधायच्या आधीच समोरच्या माणसाची मापं कॅलिपरने घेतली. कानापासून कानापर्यंत, हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत, नाकाच्या टोकापासून मागच्या कवटीपर्यंत. शेवटचं माप नेहमी वाटतं त्यापेक्षा मोठं निघतं. समोरून बघताना डोक्याची खोली लक्षातच येत नाही.

२४ जुलै

डोक्याचं काम चालू. नाक-डोळ्यांना अजून हात लावलेला नाही, आणि सर लावू देत नाहीत. आधी कवटीचा अंडाकार, मानेचा कल, जबड्याचे उतार. फिरता स्टँड थोडा वळवायचा, मॉडेलची खुर्चीही तेवढीच वळवायची आणि फक्त कडेची रेषा जुळवायची. मग पुन्हा थोडं वळवायचं. फ्रेंच शिल्पकार रोदँ असाच एकेक प्रोफाइल, म्हणजे कडेची रेषा, जुळवत काम करायचा. १८७७ मध्ये त्याचा 'एज ऑफ ब्राँझ' हा पुतळा प्रदर्शनात आला तेव्हा लोकांनी आरोप केला की हा तर जिवंत माणसावरूनच साचा काढलाय. कडेच्या रेषा इतक्या खऱ्या उतरल्या होत्या.

मला या पद्धतीत सगळ्यात आवडलं ते असं की गाल 'काढावा' लागत नाही. समोरची रेषा आणि तिरकी रेषा बरोबर आल्या की त्यांच्या मधला गाल जवळजवळ आपोआप येतो. कान मात्र असा येत नाही. कान स्वतंत्र बघावा लागतो: बाहेरची कड वरून येते, आत वळते आणि कानाच्या भोकाच्या वर संपते, आणि अख्खा कान डोक्याला समांतर नसून मागच्या बाजूने थोडा उघडलेला असतो. आजची दुपार एका कानातच गेली.

३० जुलै

सिरॅमिक्समध्ये पिंच पॉट. गोळा तळहातात, अंगठा मध्ये, फिरवत फिरवत भिंत चिमटीत पातळ करायची. डोळे मिटून केलं तर जाडी जास्त नीट कळते. कड भेगाळायला लागली की बोट किंचित ओलं करायचं. पाणी जास्त झालं की भांडं बसतं.

कागदावर हा सोपा पाठ आहे. पण मॉडेलिंगमधून इकडे आल्यावर काहीतरी उलटं झाल्यासारखं वाटलं. तिथे मी बाहेरून माती चढवत असते. इथे बाहेरचा आकार आतल्या अंगठ्याने ठरतो.

६ ऑगस्ट

डोकं पुरं झालं, साचा काढायला घेतला. हा वेस्ट मोल्ड: एकदाच वापरायचा, शेवटी फोडून टाकायचा. डोक्याच्या दोन्ही बाजूंनी, कानांच्या जरा मागून, पातळ पत्र्याचे तुकडे मातीत एकापुढे एक खोचत नेले. साच्याचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग या पत्र्यांमुळे वेगळे राहतात.

प्लास्टर नेहमी पाण्यात घालायचं, पाणी प्लास्टरमध्ये नाही. वजनाने साधारण १०० भाग प्लास्टरला ७० भाग पाणी. चिमटी-चिमटीने, पाण्यावर भुरभुरवत. पृष्ठभागावर कोरडी बेटं दिसायला लागली की थांबायचं, दोनेक मिनिटं भिजू द्यायचं आणि मगच हात पाण्याखाली ठेवून ढवळायचं, म्हणजे हवा आत जात नाही. मग ते सायीसारखं दाट होतं आणि तिथून पुढे वेळ भराभर संपतो.

पहिला थर रंगीत करतात. पाण्यात थोडा रंग टाकायचा आणि हा थर बोटांनी शिंपडत, फुंकत, प्रत्येक खाचेत पोचवायचा. त्यावर पांढरा जाड थर, मध्ये तागाचे धागे. रंगाचं कारण पुढे कळतं: ओतीव डोकं साच्यातून मोकळं करताना छिन्नीला आधी पांढरं प्लास्टर लागतं, ते उडवत गेलं की रंगीत थर दिसतो. तो दिसला की समजायचं, काम आता अगदी जवळ आहे, हात हलका करा.

साचा घट्ट होताना गरम होतो. हात ठेवला तर चांगलाच जाणवतो. प्लास्टर म्हणजे जिप्समला भाजून त्यातलं बरंचसं पाणी काढून टाकलेलं असतं. पाणी परत मिळालं की त्याचं पुन्हा जिप्सम होतं आणि ती ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर पडते.

८ ऑगस्ट

साच्याचे दोन भाग सुटे केले. आतली माती काढली. मॉडेलिंगचं डोकं इथे संपलं. इतक्या दिवसांचं काम तुकड्यातुकड्यांनी पिंपात गेलं. साचा धुतला, आतून साबणाचं दाट पाणी लावलं, भाग बांधले, आत प्लास्टर ओतून सगळीकडे फिरवलं, काथ्या घालून जाडी वाढवली.

छिन्नीचं काम दिवसभर. आधी कपाळ मोकळं झालं. नाकाच्या बाजूला रंगीत थराची एक पातळ खपली शिल्लक होती, ती छिन्नीने न काढता लाकडी हत्याराच्या टोकाने उचलली, आणि खाली माझ्या बोटाचा ठसा होता, मातीत उठलेला, आता प्लास्टरमध्ये. साचा किती बारीक टिपतो हे वाचलेलं होतं. पाहिल्यावर मात्र यापुढे पृष्ठभागावर काय ठेवायचं आणि काय नाही याचा विचार सुरू झाला. बोटांचे ठसे मी ठेवले. सगळं घासून गुळगुळीत केलेली डोकी मला मेलेली वाटतात.

एक कडक शिस्त: या पिंपातली माती सिरॅमिक्सच्या वर्गात न्यायची नाही. तिच्यात प्लास्टरचे कण असतात. भाजल्यावर त्या कणाचा चुना होतो, तो हवेतला ओलावा शोषून फुगतो आणि भांड्याचा टवका उडवतो. भट्टीतून चांगलं निघालेलं भांडंसुद्धा काही दिवसांनी असं फुटू शकतं. म्हणून हत्यारं वेगळी, बादल्या वेगळ्या, अॅप्रनही वेगळा.

१८ ऑगस्ट

कॉइल. मातीच्या वळकट्या करून एकावर एक चढवायच्या. प्रत्येक जोडाला दोन्ही बाजूंनी काट्याने खाचा, मध्ये स्लिप म्हणजे पातळ माती, मग दाबून आतून-बाहेरून सांधा बुजवायचा. आतून तर बुजवायलाच हवा, बाहेरून नक्षी म्हणून ठेवला तरी चालतो. जोडताना दोन्ही तुकडे सारखेच ओले हवेत. एक कडक आणि एक मऊ असेल तर मऊ जास्त आकसतो आणि सांधा उघडतो.

वळकट्यांचं भांडं एका दमात उभं राहत नाही. चार-पाच चढवल्या की खालच्यांना थोडं घट्ट होऊ द्यायचं, वरची कड ओल्या फडक्याने झाकायची, मग पुढच्या. हा थांबत जाण्याचा वेग मला मानवतो.

२७ ऑगस्ट

चाक. सगळे याचीच वाट बघत होते.

माती मध्यावर आणणं हाच खरा पाठ. कोपर मांडीवर किंवा कमरेला टेकवून पक्कं करायचं आणि हात हलू द्यायचा नाही. माती हाताशी जुळवून घेते. शंकूसारखी वर न्यायची, पुन्हा खाली दाबायची. डगमग थांबली की तळव्याखाली माती फिरतेय की नाही हेसुद्धा कळत नाही. मग मध्ये बोट, तळ, तळ दाबून घट्ट करणं, भिंत वर ओढणं. तळ दाबला नाही तर वाळताना त्यात इंग्रजी एस आकाराची भेग पडते.

भिंत वर येते तेव्हा होणारा आनंद खरा आहे. तरीही माझं मत लिहून ठेवते: सिरॅमिक्स म्हणजे चाक असं जे सगळे धरून चालतात ते मला पटत नाही. चाक गोल देतं, आणि फक्त गोल देतं. मला जे करायचंय ते गोल नाही. रोज थोडा वेळ चाकावर बसेन, हात तयार व्हावा म्हणून. प्रकल्प मात्र वळकट्यांचा.

३ सप्टेंबर

घट्ट झालेली भांडी चाकावर उलटी ठेवून टर्निंग केलं, म्हणजे फिरवत जास्तीची माती पातीने कातली. या अवस्थेला लेदर हार्ड म्हणतात: आकार बदलत नाही पण कापता येतं, जोडता येतं, घासून चकचकीत करता येतं. मातीकामातली ही माझी आवडती अवस्था. घाई केली तर पाती रुतते, उशीर झाला तर माती भुग्यासारखी झडते.

९ सप्टेंबर

आकसण्याची चाचणी. मातीच्या पट्टीवर सुईने बरोबर १० सेंमीची रेषा मारली. पूर्ण वाळल्यावर ती ९.४ भरली. भट्ट्यांमधून निघाल्यावर पुन्हा मोजायची.

वेजवूड या इंग्लिश कुंभाराने हीच गोष्ट उलट वापरली होती. १७८२ मध्ये त्याने भट्टीचं तापमान मोजायला मातीचे छोटे तुकडे वापरले: भट्टीत ठेवायचे, काढून किती आकसले ते मापायचं, त्यावरून आच ठरवायची. हजार अंशांपर्यंत चालेल असं थर्मामीटर तेव्हा नव्हतं.

पट्टीकडे बघताना मॉडेलिंगचा सांगाडा आठवला आणि दोन वर्गांतला फरक नीट समजला. लोखंडी पाइप आकसत नाही. त्याच्याभोवती माती आकसायला लागली की तिला जागा उरत नाही, मग ती फाटते. भट्टीचा प्रश्न नंतरचा. सांगाड्यावरची माती नुसती वाळू दिली तरी फाटेल. म्हणून तर मॉडेलिंगचं डोकं आम्ही रोज फवारा मारून, ओल्या फडक्यात आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवत होतो.

१९ सप्टेंबर

पहिली बिस्क भट्टी, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीची भाजणी. कच्ची भांडी एकमेकांत, एकमेकांवर ठेवता येतात, कारण अजून ग्लेझ नाही. भट्टी सांभाळणारे काका भरताना प्रत्येक भांडं गालाला लावून बघत होते. गार लागलं तर आत ओलावा आहे, ते बाजूला.

हवेचा बुडबुडा राहिला की भांडं फुटतं, असं मी सगळीकडे ऐकलं होतं. काकांनी ते खोडून काढलं. फोडते ती वाफ. पाण्याची वाफ झाली की ती पाण्याच्या हजारपटीहून जास्त जागा मागते, आणि जाड भिंतीतून तिला वेळेत बाहेर पडता आलं नाही तर भिंत जाते. पोकळी पूर्ण बंद असली तरी माती कोरडी असेल आणि आच सावकाश असेल तर सहसा काही होत नाही. भरीव आणि आतून ओला गोळा मात्र उडतोच. म्हणून पहिले काही तास १०० अंशांच्या खालीच. काका मधूनमधून भट्टीच्या भोकासमोर आरशाचा तुकडा धरायचे. आरशावर दमट धुकं आलं की म्हणायचे, "अजून पाणी येतंय, राहू दे." आरसा कोरडा निघाला तेव्हाच आच वाढवली.

पुढचं मी टिपून घेतलं. साधारण ३५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या रेणूंत बांधलेलं पाणी निघून जातं; यानंतर ती पाण्यात टाकली तरी पुन्हा चिखल होत नाही. ५७३ अंशांना क्वार्ट्झच्या कणांची रचना बदलते आणि ते एकदम थोडे फुगतात, गार होताना तेवढेच आकसतात. चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा इथे सावकाश. आमची बिस्क सुमारे १००० अंशांना थांबली. भट्टी १०० च्या खाली येईपर्यंत दार उघडायचं नाही.

२१ सप्टेंबर

दार उघडलं. सगळं फिकट गुलाबी आणि हलकं. टिचकी मारली की खणखणीत आवाज येतो. चाचणीची रेषा ९.३.

२९ सप्टेंबर

ग्लेझच्या पट्ट्या. ग्लेझ म्हणजे भांड्यावर वितळवलेली काच. काच होते सिलिकाची, पण ती एकटी १७०० अंशांच्या पुढे वितळते. म्हणून तिला लवकर वितळवणारा फ्लक्स हवा, आणि वितळून ओघळू नये म्हणून अॅल्युमिना, जो केओलिन या पांढऱ्या मातीतून मिळतो. चार भाग फेल्स्पार (फ्लक्स देणारं खनिज), तीन सिलिका, दोन व्हाइटिंग (खडूची पूड), एक केओलिन ही प्रसिद्ध पाककृती सुमारे १२८० अंशांची आहे. आमची भट्टी १२२० पर्यंत जाते, म्हणून आमच्या ग्लेझमध्ये लवकर वितळणारी बोरॉनची फ्रिट, म्हणजे आधीच वितळवून दळलेली काच, घातली आहे.

एकच मूळ ग्लेझ घेऊन त्यात ऑक्साइड वाढवत गेले: लोह २, ५, ८ टक्के, तांबं १ आणि ३, कोबाल्ट अर्धा आणि १. पट्ट्या उभ्या राहतील अशा केल्या, म्हणजे ग्लेझ किती ओघळतं तेही कळेल. अर्ध्या भागावर रेघा ओढल्या. खाचांमध्ये ग्लेझ कसं बसतं ते मला डोक्यासाठी बघायचंय.

७ ऑक्टोबर

ग्लेझची भट्टी. आत पायरोमेट्रिक कोन, म्हणजे आच दाखवणारे छोटे शंकू, ठेवले होते. भट्टीचा काटा फक्त तापमान सांगतो. मातीवर आणि ग्लेझवर परिणाम होतो तो तापमान आणि वेळ दोन्हींचा, आणि कोन ते दोन्ही मिळून दाखवतो: ठरलेली आच अंगात मुरली की तो वाकतो. हेरमान सेगरने बर्लिनमध्ये १८८६ साली हे कोन तयार केले. आकड्यांत एक फसवी गोष्ट आहे: ०६ आणि ६ हे दोन वेगळे कोन. ०६ म्हणजे सुमारे १००० अंश, ६ म्हणजे सुमारे १२२०.

निकाल: अर्धा टक्का कोबाल्टनेसुद्धा ठसठशीत निळा येतो. तांब्याचा हिरवा. लोह २ टक्क्यांना मधाळ, ८ ला जवळजवळ काळपट तपकिरी, आणि रेघांच्या कडांवर ग्लेझ पातळ होऊन तांबूस झळकतं. पण रेघांच्या आत जाऊन बघितलं तर सुईची बारीक रेघ ग्लेझने भरून गेली होती. चेहऱ्यावर मला हे नको.

रेषा ८.८. म्हणजे ओल्या मातीपासून शेवटपर्यंत १२ टक्के.

१४ ऑक्टोबर

प्रकल्प ठरला: माणसाचं डोकं, पण सिरॅमिक्सच्या नियमांनी. सांगाडा नाही, आतून पोकळ, भाजलेलं. मॉडेलिंगचं डोकं घडवून नंतर कापून पोखरायचं, अशीही पद्धत आहे आणि बरेच जण तीच घेतात. मला ते डोकं पहिल्या वळकटीपासूनच पोकळ हवंय.

वाचताना कळलं की हा प्रश्न भांड्यांपेक्षाही जुना आहे. चेकियातल्या डोल्नी वेस्टोनिसेला १९२५ मध्ये सापडलेली भाजलेल्या मातीची स्त्री-मूर्ती पंचवीस हजार वर्षांहून जुनी आहे, उंची जेमतेम ११ सेंमी. मातीची भांडी त्यानंतरची. माणसाने मातीत आधी मूर्ती भाजली, पाणी भरायचं भांडं पुढे केलं! मूर्ती छोटी असेल तर भरीव चालते. मोठी करायला गेलं की ती पोकळच हवी. नायजेरियातल्या नोक संस्कृतीची मातीची डोकी पोकळ आहेत, आणि त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या आरपार भोसकलेल्या आहेत. चीनमधल्या शिआनजवळच्या मातीच्या सैन्यात डोकी वेगळी करून धडात बसवली आहेत. रोममध्ये असलेली एट्रुस्कन (प्राचीन इटलीतल्या लोकांची) जोडप्याची शवपेटी, जवळजवळ दोन मीटर लांब, इ.स.पू. सहाव्या शतकातली, चार भागांत केली आहे.

नोक डोळ्यांचा मी बराच वेळ विचार केला. ती भोकं नजर देतात आणि आतली हवा-वाफही जाऊ देतात. माझ्या डोक्यालाही तसेच डोळे.

२१ ऑक्टोबर

माती ग्रॉगची घेतली. ग्रॉग म्हणजे भाजलेली माती दळून केलेली भरड. ती पुन्हा आकसत नाही, आणि तिच्यामुळे माती मोकळी राहून ओलावा सुटायला वाट मिळते. भिंतीची जाडी सगळीकडे सुमारे दीड सेंमी. ओली उंची ३० ठरवली, म्हणजे शेवटी २६ च्या आसपास.

मानेपासून सुरुवात. मानेवरून जबडा बाहेर येतो तिथे वळकट्या हवेत लोंबतात आणि वजनाने बसायला लागतात. मी मॅडमना विचारलं, आत कागदाचा बोळा भरू का? त्या म्हणाल्या, "भर, कागद दबतो आणि जळूनही जातो. पण आधार मातीचाच देऊन बघ ना." म्हणजे त्याच मातीच्या, तेवढ्याच ओल्या, आडव्या-उभ्या भिंती आतून घालायच्या, मधे मोठी भोकं ठेवून.

घातल्या. मानेच्या मध्यातून एक उभी भिंत, जबड्याच्या पातळीवर तिला छेदणारी दुसरी. आणि हे करताना जुलैपासून मनात घोळणारी गोष्ट सुटली. सिरॅमिक्समध्येही सांगाडा चालतो. अट एवढीच की तो अंगाबरोबर आकसला पाहिजे. ज्या मातीचं डोकं त्याच मातीचा सांगाडा, त्याच दिवशीचा, त्याच ओलाव्याचा. मग दोघं एकत्र लहान होतात आणि कुणी कुणाला फाडत नाही. मी पाइपच्या आकारात अडकले होते, खरा मुद्दा त्याच्या पदार्थाचा होता.

२८ ऑक्टोबर

चेहरा. मॉडेलिंगमध्ये गालाचं हाड मातीची पट्टी लावून चढवलं होतं. इथे डोकं वरून अजून उघडं आहे, म्हणून डावा हात आत घातला आणि मधल्या बोटाच्या पेराने आतून ढकललं. उजव्या हाताचा तळवा बाहेर, अडवायला. दोन्ही हातांच्या मध्ये दीड सेंमी माती. ती आधी कडक राहिली, मग थोडी सरकली आणि डोळ्याखाली उंचवटा आला. त्याच्या वरची माती ताणली गेली, ग्रॉगचे कण वर दिसायला लागले. अशी ताणलेली कातडी बाहेरून माती चढवून येत नाही. भुवयांची कडा, हनुवटी, कपाळाचे दोन उंचवटे, सगळं आतूनच. फक्त नाक, ओठ आणि कान बाहेरून जोडले, तेही आतून पोकळ ठेवून.

प्रोफाइल जुळवण्याची सवय इथे फार उपयोगी पडली. स्टँड वळवत राहिले, कडा बघत राहिले. दोन्ही वर्गांचे धडे पहिल्यांदाच एका कामात आले.

४ नोव्हेंबर

टाळू बंद केली. शेवटची झाकण्याची चकती जोडायच्या आधी आतले सगळे सांधे बुजवले, आतल्या भिंतींची भोकं मोकळी आहेत ना ते बघितलं. डोळ्यांच्या बाहुल्या आरपार. नाकपुड्याही आतपर्यंत. मान खालून उघडी.

५ ते २४ नोव्हेंबर

वाळवणं. पहिला आठवडा पूर्ण प्लॅस्टिकमध्ये, मग रोज थोडं उघडं. कान आणि नाक सगळ्यांत आधी वाळतात, म्हणून त्यांच्यावर वेगळं प्लॅस्टिक. आतला भाग मागे राहतो. डोकं दोन पट्ट्यांवर उचलून ठेवलंय, मानेतून हवा जावी म्हणून.

२६ नोव्हेंबर

बिस्क. डोक्याखाली भट्टीत वाळूचा पातळ थर, आकसताना तळ सरकायला हवा. काकांनी १०० च्या खालचा वेळ दुप्पट ठेवला. आरसा डोळ्यांच्या भोकांच्या रोखाने धरला होता.

२८ नोव्हेंबर

अखंड निघालं. फक्त मानेच्या आत, जिथे दोन आधारभिंती मिळतात, तिथे केसाएवढी भेग. तीन जाड्या एकत्र आल्यामुळे तो सांधा सगळ्यांत शेवटी वाळला. बाहेर काहीच दिसत नाही.

३ डिसेंबर

ग्लेझ लावायचं नाही हे नक्की केलं. ते वाईट असतं असं नाही. शिल्पकार लुका देला रोब्बियाने पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये शुभ्र टिन ग्लेझमध्ये शिल्पं केली आणि ती आजही टवटवीत आहेत. पण त्याचे आकार मोठे आणि शांत होते, ग्लेझला जागा देणारे. माझ्या चेहऱ्यावर ग्रॉगचे कण आणि ताणलेली माती आहे, तीच मला दिसायला हवी. लोहाचं ऑक्साइड पाण्यात कालवून सगळीकडे लावलं आणि ओल्या स्पंजने पुसून घेतलं. खाचांमध्ये राहिलं तेवढंच ठेवलं.

१० डिसेंबर

१२२० अंशांची भट्टी झाली. उंची २६.४. चाचणीच्या पट्टीने जे सांगितलं होतं तेच. लोह खाचांमध्ये गडद तपकिरी बसलंय, उंचवट्यांवर माती फिकट तांबूस. मानेतली भेग तेवढीच आहे, वाढली नाही.

पुढचं काम खांद्यांसकट धड. भट्टीची आतली उंची ४५ आहे, त्यामुळे ते तुकड्यांत करावं लागणार आणि छेद कुठे घ्यायचे ते घडवायच्या आधी ठरवावं लागणार. सध्या कागदावर दोन आखलेत: एक गळ्याच्या खळग्यातून तिरका मागे जाणारा, दुसरा बरगड्यांच्या खालून. ओला तुकडा ४५ पेक्षा उंच करायचा नाही, वाळून तो ४२ वर येईल. आधारभिंती जिथे मिळतात तिथे या वेळी मोठं भोक ठेवणार, म्हणजे सांधा जाड होणार नाही. माती तीच, ग्रॉग थोडा जास्त, आणि चाचणीची नवी पट्टी सोमवारी करायची.